बोटाचा आवाज

मालकांनी मला खोली दाखवण्याआधी एकच प्रश्न विचारला. नोकरी काय, लग्न झालंय का, मांसाहार करता का, या लोणावळ्यातल्या नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं मी तयार करूनच गेले होते. ती सगळी तशीच राहिली. फाटकाची कडी हातात धरून, मला आत न घेताच ते म्हणाले, "सगळ्यात मोठा गिटारवाला कोण?"

एजंटानं वाटेत सांगितलं होतं की म्हातारा जरा विचित्र आहे, जुन्या विलायती रॉकचं वेड आहे, तुम्ही आपलं हो ला हो करा. वसतिगृहात असताना मीही ती गाणी पुष्कळ ऐकली होती, त्यामुळे मी ऐटीत एक नाव घेतलं. त्यांनी फाटक लावून घेतलं.

"नाव नको. नाव कानात गेलं की माणूस ऐकायचं बंद करतो. का मोठा, ते सांगा."

मग मी रस्त्यावर उभी राहून, एजंटाच्या देखत, सांगितलं की हा माणूस कमी वाजवतो, दोन सुरांच्या मध्ये जागा सोडतो, आणि ती जागा आपल्याला भरावीशी वाटते. मालकांनी मान तिरकी करून सगळं ऐकून घेतलं. "चूक आहे," ते म्हणाले, "पण उसनं नाही." आणि त्यांनी फाटक उघडलं.

मी तेव्हा एका विमा कंपनीसाठी मोटारींच्या अपघातांचे दावे तपासायचे. जुना हायवे, नवा हायवे आणि मधला खंडाळ्याचा घाट एवढं माझं राज्य. माणूस सांगायचा की गाडीला मागून ट्रकनं ठोकलं. मी वाकून बघायचे की पत्र्यावर ट्रकचा रंग लागलाय की याच्याच घराच्या फाटकाचा. या नोकरीनं माझी अशी अवस्था केली होती की कुणी नुसतं काल ताप होता म्हणालं तरी मी आधी त्याचे डोळे बघायचे. संशय घेण्यात आपला हात धरणारं कुणी नाही असं मला वाटायचं. मालकांच्या घरात राहायला गेले आणि तो गैरसमज पहिल्याच आठवड्यात फिटला.

दूधवाला फाटकात असतानाच मालक दुधाचा थेंब अंगठ्याच्या नखावर घेऊन तो किती सावकाश ओघळतो ते बघायचे. गॅसचं सिलिंडर आलं की काट्याला टांगायचे. कुणी चिक्की भेट आणली तर तुकडा खिडकीशी धरून गुळाचा रंग खरा की घातलेला ते ठरवायचे, आणि मग ती न खाता मला द्यायचे. रस्त्यावर गाडी थांबवून कुणी पत्ता विचारला की यांच्या मते तो माणूस जागा विकत घ्यायला आलेला असायचा. खरं सांगायचं तर मावळात हा अंदाज निम्म्या वेळा बरोबर निघतो, त्यामुळे त्यांची खोड जाणं आणखीच कठीण झालं होतं. गल्लीच्या कोपऱ्यावरचे दाताचे डॉक्टर हे त्यांचे मित्र. पण दुखरी दाढ घेऊन मालक वर्षानुवर्षं त्यांच्याबरोबर चहा प्यायचे. डॉक्टर चांगला दात काढून दुखरा ठेवतील, मग परत यावं लागेल, असा त्यांचा हिशेब होता, आणि तो ते डॉक्टरांच्या तोंडावर बोलून दाखवायचे.

फोनवरच्या गाण्यांवर तर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. जुनी गाणी कंपन्या घासूनपुसून पुन्हा सोडतात, मूळ वाजवणाऱ्याच्या चुका पुसून टाकतात, आणि काल ऐकलेलं गाणं आज तेच राहिलेलं नसतं, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना खोटं पाडायला म्हणून शोधाशोध केली, तर घासूनपुसून सोडण्याची गोष्ट खरी निघाली. तेव्हापासून मी त्यांच्याशी या विषयावर वाद घालणं सोडून दिलं.

त्यांचा खजिना म्हणजे हॉलमधलं एक लोखंडी कपाट. आत कॅसेटी, आणि कॅसेटींच्या मधोमध झिरोचा बल्ब, बारा महिने चालू. लोणावळ्यात पावसाळ्यात चपलांना, पट्ट्यांना, पुस्तकांना, सगळ्याला बुरशी येते, म्हणून लोक कपड्यांच्या कपाटात बल्ब लावतात. यांनी तो गाण्यांना लावला होता. त्यांचे कपडे बाहेर दोरीवर बुरशी खात पडलेले असायचे. कपाटाला कुलूप होतंच, शिवाय मुठीला ते काळा दोरा गुंडाळून ठेवायचे. कुलपाची दुसरी किल्ली कुणी केली तरी दोऱ्याची गाठ त्यांच्यासारखी मारता येणार नाही, म्हणून.

या कॅसेटी आल्या कुठून, हे मला डॉक्टरांनी सांगितलं. मालकांचे वडील तुंगार्लीच्या बाजूला एका मुंबईकर कुटुंबाच्या बंगल्यावर माळी होते. शनिवारी-रविवारी त्या घरातली तरुण मुलं यायची आणि दिवसभर रेकॉर्ड लावून भांडत बसायची, कोणता गिटारवाला मोठा यावर. हा माळ्याचा मुलगा मोगऱ्याच्या आळ्याला पाणी घालत खिडकीखाली उभा. इंग्रजी कळत नव्हतं, नावं कळत नव्हती, रेकॉर्डवरची चित्रं दिसत नव्हती, फक्त आवाज यायचा. पुढे बंगला विकला गेला आणि निघताना त्यातल्या एका मुलानं कॅसेटींची पेटी याच्या हातात दिली. डॉक्टर म्हणायचे, मालकांचा नावांवरचा राग तिथला आहे. आत बसलेल्यांना नावं माहीत होती. यांना खिडकीखाली फक्त कान होते.

पुढे ते रेल्वेत लागले आणि बँकर इंजिनावर ड्रायव्हर झाले. कर्जतहून घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून रेटा द्यायला जी इंजिनं जोडतात, ती. सगळी नोकरी त्यांनी गाडीच्या शेवटी बसून, दुसऱ्याच्या गाड्या वर ढकलण्यात घालवली. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे आणि मला तो लक्षात यायला फार वेळ लागला.

लोणावळ्यात रविवार हा सुट्टीचा वार नसतो. त्या दिवशी अख्खं गाव कामाला जुंपलेलं असतं. आमची बैठक मंगळवारी चार वाजता भरायची. मालक, डॉक्टर, मी आणि भाजे गावचा बबन. बबन म्हणजे मळवली स्टेशनवरून पाहुण्यांना लेण्यांच्या पायथ्याशी आणि पुढे किल्ल्याच्या बाजूला नेणारा जीपवाला. मालकांच्या अडगळीतली एक जुनी खुर्ची न्यायला म्हणून तो एकदा आला, आत गिटार चालू होती, म्हणून टेकला, आणि मग दर मंगळवारी टेकत राहिला. खुर्ची शेवटपर्यंत गेली नाही.

नाव घ्यायला बंदी असल्यामुळे गिटारवाल्यांचं बारसं बबननं केलं. त्याच्या हिशेबी एक लांब्या होता, एक चष्मेवाला, एक शिवणयंत्र आणि एक घाटवाला. शिवणयंत्र हा डॉक्टरांचा लाडका, कारण तो इतक्या जोरात वाजवायचा की सूर मोजता येत नसत. माझा तो कमी वाजवणारा चष्मेवाला. बबनचा लांब्या, त्याची कसोटी सरळ होती, जीपमध्ये लावल्यावर मागच्या पाहुण्यांच्या माना हलल्या पाहिजेत. आणि मालकांचा घाटवाला. तो खालून हळूहळू वर चढायचा, मध्येच दमल्यासारखा थांबायचा, आणि मग अगदी माथ्यावर जाऊन एक सूर धरून ठेवायचा. मालक म्हणायचे, आम्ही गाड्या अशाच चढवल्या.

मोठा कोण हा एक प्रश्न, आणि कुणामुळे बाकीचे वाजवायला लागले हा दुसरा, असे मालकांनी दोन भाग पाडले होते. दोन्ही एकत्र केले की भांडण होतं म्हणून. वेगळे केल्यावर दोन भांडणं व्हायला लागली. डॉक्टर म्हणायचे की ज्याची नक्कल कुणाला जमत नाही तो मोठा. बबन म्हणायचा की ज्याची नक्कल गल्लीतलं प्रत्येक पोरगं करतं तो मोठा. मी दोघांनाही पुरावा मागायचे. आणि मालक डोळे मिटून बसलेले असायचे, कारण त्यांची कसोटी बोलण्यातली नव्हतीच.

गिटारवाला एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना त्याचं बोट तारेवरून घासतं आणि एक बारीक, चिरका आवाज येतो. सुराच्या आधी, निमिषभर. चांगल्या रेकॉर्डिंगमध्ये तो पुसून टाकतात. मालकांच्या मते तोच एक आवाज खोटा करता येत नाही. यंत्रानं वेग वाढवता येतो, दुसऱ्याच्या हातून वाजवून घेऊन पहिल्याचं नाव छापता येतं, पण बोटाचा आवाज म्हणजे तिथे कातडी होती, माणूस होता. तो ऐकू आला की ते डोळे न उघडता म्हणायचे, "माणूस खरा आहे." साऱ्या जगावर संशय घेणाऱ्या या गृहस्थाला विश्वास ठेवायला एवढी एकच गोष्ट होती, आणि ती ऐकायला स्वतःचे दोन कान. दूध, गॅस, डॉक्टर, सरकार, सगळं फसवू शकत होतं. कान फसवत नव्हते.

त्या मंगळवारी त्यांनी घाटवाल्याची कॅसेट लावली. मी तो चढ इतक्या वेळा ऐकला होता की माथ्याच्या जरा अलीकडे बोट कुठे घासतं ते मला पाठ होतं. ते घासलं. मालक काही बोलले नाहीत. सूर संपला तेव्हा त्यांनी डोळे उघडले, कॅसेट मागे नेली आणि पुन्हा लावली. मग पुन्हा. मग त्यांनी ती बाहेर काढून उलटसुलट करून पाहिली.

"ही कॅसेट माझी नाही," ते म्हणाले.

डॉक्टरांनी वर चिकटवलेल्या कागदावरचं अक्षर दाखवलं. मालक म्हणाले, अक्षर माझं, डबी माझी, आतली फीत बदललेली आहे. बोट गेलंय यातून. कुणीतरी घासूनपुसून सोडलेल्या गाण्याची नक्कल भरून ठेवली आहे. डॉक्टरांना हसू आलं. असली कॅसेट आता रद्दीवालाही घेत नाही, कोण कशाला चोरेल, असं ते म्हणाले, आणि इथे त्यांचं चुकलं. मालकांनी त्यांना फाटकापर्यंत सोडलं आणि कडी घातली. मग परत येऊन बबनच्या आणि माझ्या हातांकडे बघत बसले.

पुढचे काही आठवडे वाईट गेले. मंगळवार मोडला. मालक एकटेच दार लावून एकेक कॅसेट तपासत होते आणि प्रत्येक कॅसेट बदललेली निघत होती. जिन्यात भेटले की मी कामाला जाताना पिशवी कोणती नेते हे बघायचे. बबन एकदा चिंचा घेऊन आला तर त्याला पायरीवरच थांबवून विचारलं की पाहुण्यांना तू जीपमध्ये काय वाजवून दाखवतोस. बबन चिंचा पायरीवर ठेवून गेला. त्या तशाच पडून राहिल्या.

मग एका सकाळी त्यांनी माझं दार वाजवलं. हातात ती कॅसेट. "तुम्ही खोटे दावे पकडता ना," ते म्हणाले, "हा पकडा. तुमच्यावरही माझा संशय आहे, हे सांगून ठेवतो. पण काम तुम्हाला येतं."

इतकं प्रामाणिक नेमणूकपत्र मला कंपनीनंही दिलं नव्हतं. मी कॅसेट घेतली. तिचे चारही स्क्रू गंजून जागेवर बसले होते. कुणी ते फिरवले असते तर गंज खरवडला गेला असता. टेपचं हेड बघितलं, तर ते मालक रोज स्पिरिटच्या कापसानं पुसायचे, लख्ख होतं. कपाटाच्या मुठीवरचा दोरा जुना, गाठ त्यांचीच. शेवटी मी कॅसेट लावून ऐकली. माथ्याच्या अलीकडे बोट स्वच्छ घासलं. जिथे घासायचं तिथेच.

म्हणजे चोरी झालीच नव्हती. आणि जिथे चोरी झालेली नसते तिथे, माझ्या धंद्याच्या शिकवणीप्रमाणे, तक्रार करणाऱ्याकडे बघायचं असतं. मी बघितलं. लोणावळ्यात वरच्या मजल्यावरचा भाडेकरू काढून तिथे शनिवार-रविवारची पाहुणेमंडळी ठेवायची लाट आली होती. आमच्या गल्लीतली घरं एकेक करून तशी झाली होती. हा म्हातारा कांगावा करून मला घालवतो आहे, बबनला आणि डॉक्टरांना आधी तोडून आता माझ्यावर येतो आहे, अशी माझी जवळजवळ खात्री झाली. मला त्याचा राग आला. मी दुसरी खोली बघायलाही सुरुवात केली होती.

त्या गुरुवारी दुपारी वीज गेलेली होती. दावा रद्द झाल्याचं सांगायला जावं तशी मी खाली गेले. मालक जिन्याखालच्या खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होते. त्यांच्या डोक्यामागे, हातभर अंतरावर, इन्व्हर्टर ठेवलेला. त्याची बॅटरी उतरली होती आणि तो सारखा चिरकत होता, कानात सुई घालावी तसा. मी वर माझ्या खोलीतसुद्धा तो मघापासून ऐकत होते. मालक शांतपणे पान उलटत होते.

"इन्व्हर्टर," मी म्हणाले.

"त्याचं काय?"

"बंद करू का? ओरडतोय."

त्यांनी वळून इन्व्हर्टरकडे पाहिलं. त्यावर लाल दिवा लुकलुकत होता. मग माझ्याकडे पाहिलं. माझ्यावर संशय घ्यायची नजर मला आता चांगली ओळखू येत होती. ही ती नव्हती. "करा," ते म्हणाले आणि पुन्हा वर्तमानपत्र उघडलं. मी बटण दाबलं आणि जे सांगायला गेले होते ते न सांगता वर आले. माझं बोलणं त्यांना नीट ऐकू येत होतं, फाटक वाजलेलं ऐकू येत होतं, घाटवाल्याचा माथ्यावरचा सूरही येत होता. गेला होता तो फक्त सगळ्यात वरचा, बारीक थर. सबंध आयुष्य इंजिनाच्या घरघरीत बसलेल्या माणसाच्या कानातून आधी तोच जातो, हे डॉक्टरांनी मला संध्याकाळी समजावून सांगितलं.

डॉक्टरांच्या दवाखान्यात आम्ही तिघं जमलो. डॉक्टर म्हणाले, सांगून टाकू, पुण्याला नेऊन कान तपासू, यंत्र बसवू. मीही त्याच मताची होते. अहवाल खरा द्यायचा असतो, मग तो कुणाला आवडो न आवडो. बबन बराच वेळ दाराशी उभा होता.

"ताई, तुमी सांगाल आन् ते खरं बी आसंल," तो म्हणाला. "पर त्या मान्साचा ईस्वास हाय कुणावर? तुमच्यावर न्हाई, माज्यावर न्हाई. त्या कानावर हाय निस्ता. त्यो बी तुमी काढून घेनार. मग त्यानं ऱ्हायाचं कशाच्या जिवावर?"

मी म्हणाले की मग काय करायचं, त्यांनी जन्मभर आपल्याला चोर समजायचं का. बबन म्हणाला, आपल्याला न्हाई, येकालाच समजू दे की. आणि तो जीप तिथेच ठेवून चालत मालकांकडे निघाला. मी मागोमाग गेले. काय करणार याचा मला अंदाज आला होता आणि त्याला थांबवायला हवं असंही वाटत होतं, पण मी थांबवलं नाही.

मालक दारातच होते. बबन पायरीखाली उभा राहिला आणि म्हणाला की कॅसेटी मीच बदलल्या. मालकांनी त्याला बसायला सांगितलं नाही. फीत कशी काढली, असं विचारलं. बबन म्हणाला, हातानं. डबी कशी उघडली? दगडानं. मूळच्या फिती कुठे आहेत? बबननं माझ्याकडे पाहिलं आणि मग म्हणाला, इंद्रायणीत सोडल्या. का सोडल्या? "गुंता झालता," तो म्हणाला. इतका भिकार दावा मी आजवर पाहिला नव्हता. माझ्याकडे आला असता तर मी पहिल्या वाक्याला फाइल बंद केली असती.

मालकांनी सगळं ऐकून घेतलं. मग बाजूला सरकले. "आत ये," ते म्हणाले, "चहा टाकतो."

आणि मला धसका बसला. दुधात पाणी घातलं म्हणून ज्यानं एका दूधवाल्याचं तोंड पुढे कधी बघितलं नाही, तो माणूस आयुष्यभराच्या ठेव्याची चोरी चहावर सोडून देतो? मालक फसले नव्हते. त्यांना फसवणं कुणाच्या बापाला जमलं नसतं.

बबन गेल्यावर त्यांनी मला थांबवलं. कपाटाच्या मुठीवरचा दोरा दाखवला. "गाठ माझीच आहे," ते म्हणाले. "आणि बबनला कॅसेटची कुठली बाजू वर ते अजून कळत नाही. कॅसेटी बदललेल्या नाहीत, मॅडम. मग बदललं काय, ते एकच उरतं." मग म्हणाले, "त्याला कळू देऊ नका मला कळलंय ते. माझ्यासाठी एवढं खोटं आजवर कुणी बोललं नव्हतं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते बघून ते लगेच म्हणाले की तुमची खोली बघायची गडबड मला माहीत आहे, एजंट माझ्याही ओळखीचा आहे. मी कुठेही जात नाही असं त्यांना सांगितलं. त्यावर त्यांनी विश्वास ठेवला की नाही, सांगता येत नाही.

पुढच्या मंगळवारी बैठक भरली. डॉक्टरांना मालकांनी स्वतः जाऊन बोलावलं होतं. सगळे आल्यावर त्यांनी बबनला शिक्षा सुनावली. आता या कपाटात सगळा नकली माल आहे, तो याच्यामुळे. तेव्हा त्यात बोट कुठे उरलंय आणि कुठे नाही, ते यानंच दर मंगळवारी सांगायचं. बोटाचा आवाज आला की हात वर. बबन खुशीत हो म्हणाला. पण मालक ते मालक. एका साक्षीदारावर त्यांचं भागणार नव्हतं. त्यांनी बबनला एका भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि मला दुसऱ्या भिंतीकडे, पाठीला पाठ करून. दोघांचे हात एकदम वर गेले तरच धरायचं. डॉक्टरांना त्यांनी बाजूला बसवलं आणि बोलायचं नाही म्हणून बजावलं.

आधी त्यांनी शिवणयंत्र लावलं. त्यात बोट नाहीच, हे त्यांना जुन्या कानांपासून माहीत होतं. ही परीक्षा होती. मी हात वर केला नाही. बबननंही केला नाही. मालकांनी हुं केलं आणि कॅसेट बदलली.

घाटवाला चढायला लागला. मालकांनी सवयीनं डोळे मिटले. माझ्या समोर खिडकी होती, बबनच्या समोरच्या भिंतीवर मालकांच्या निवृत्तीच्या वेळचा ग्रुप फोटो, काचेचा. माथा जवळ आला, बोट घासलं, मी हात वर केला. आणि खोड जात नाही म्हणून किंचित मान वळवून मागे बघितलं. बबनचे डोळे त्या फोटोच्या काचेवर खिळले होते. काचेत माझा हात वर गेलेला दिसत होता. तो बघून मग बबनचा हात वर गेला.

दर मंगळवारी मालक "माणूस खरा आहे" म्हणायचे तेव्हा हाच सगळ्यांत आधी मान डोलवायचा. त्याला तो आवाज कधी ऐकूच आला नव्हता. डॉक्टरांनीही ते पाहिलं होतं. ते छताकडे बघत बसले.

मालकांनी डोळे उघडले. दोन्ही हात वर होते. त्यांनी एकाकडे पाहिलं, दुसऱ्याकडे पाहिलं, मग मला विचारलं, "एकदम गेले?"

"एकदम," मी म्हणाले.

ते माझ्याकडे रोखून बघत राहिले. दावेदाराकडे मी बघते तसे. मी नजर हलवली नाही. इतक्या वर्षांत एवढा एक खोटा दावा मी मंजूर केला. मालकांचं बोट टेपच्या बटणावर होतं. आता फीत मागे नेतील, पुन्हा लावतील, या वेळी डोळे उघडे ठेवतील, असं मला वाटलं. बबनचा हात अजून वरच होता.

"खाली घे रे हात," मालक त्याला म्हणाले. आणि त्यांनी बटणावरचं बोट काढून घेतलं आणि कॅसेट तशीच पुढे चालू दिली.